खालच्या दोन ओळी

एडिनबरा
रविवार, ७ मार्च १९९३

अहो,

पाकिटावर तुमचं नाव इंग्रजीत लिहिलं आहे. इंग्रजीत लिहिलं की नाव घेतल्यासारखं होत नाही, हा शोध मी लंडनमध्ये हॅरोला आल्यावर पहिल्याच महिन्यात लावला होता. आत मात्र पंचवीस वर्षांची सवय आहे, म्हणून अहो.

परवा जिन्यातल्या फोनवर तुम्ही विचारलंत, हा काय तमाशा आहे. मागे शेजारीण फोनसाठी ताटकळत उभी होती, म्हणून गप्प बसले. उत्तर आता देते. हा तमाशा नाही, नोकरी आहे. इथल्या एका फिल्म सोसायटीने ऑगस्टमध्ये जर्मन भाषेतल्या नव्या सिनेमांचा हंगाम ठरवला आहे. मोठ्या कंपन्यांचे नव्हेत, दोन-तीन माणसांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेले सिनेमे. व्हिएन्नाच्या ट्राम धुणाऱ्या बायकांवर एक आहे, स्वित्झर्लंडमधल्या धरणात बुडणाऱ्या गावावर एक, बर्लिनमधल्या तुर्की शिंप्यावर एक. असे अकरा. त्यांची इंग्रजी सबटायटल्स मी लिहायची आणि खेळ चालू असताना पडद्याखालच्या पट्टीवर बटण दाबून एकेक दाखवायचं. जाहिरात हॅरोच्याच लायब्ररीत लागली होती. तुम्ही तिथे फक्त क्रिकेटची मासिकं बघता, म्हणून तुम्हाला दिसली नसेल.

"मंडळात काय सांगू?" असं तुम्ही तीनदा विचारलंत. कशी आहेस, असं एकदाही नाही. शिल्पाकडून कळलं की तुम्ही सगळ्यांना सांगितलंय, सुप्रभा आजारी मावसबहिणीची सेवा करायला स्कॉटलंडला गेली आहे. माझ्या दोन्ही मावसबहिणी सांगलीत ठणठणीत आहेत. उद्या कोणी त्यांच्यासाठी सूप घेऊन दारात उभं राहिलं तर तुमची पंचाईत होईल. त्यापेक्षा खरं सांगून टाका. हसतील चार दिवस आणि विसरतील.

हसण्यावरून आठवलं. दिवाळीच्या पार्टीत तुम्ही म्हणालात, "आमच्या हिचं जर्मन ना? वॉशिंग मशीनचं मॅन्युअल वाचण्यापुरतं बरं आहे." सगळे हसले. चकल्यांचं ताट फिरवता फिरवता मीही हसले. बी.ए.ला जर्मनमध्ये मी पुण्यात पहिली आले होते आणि लग्न ठरलं तेव्हा ही गोष्ट तुमच्या आईंनी सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगितली होती. पुढे ते जर्मन जरीच्या शालूसारखं कपाटात गेलं. त्या विनोदावर रुसून मी घर सोडलं असं तुम्ही समजताय. समजा. कारण दुसरं आहे, पण ते आज लिहीत नाही.

मॅन्युअल बॉयलरच्या वरच्या फळीवर आहे. इंग्रजी भाग सत्ताविसाव्या पानापासून आहे.

तुमची
सौ. सुप्रभा


एडिनबरा
रविवार, १८ एप्रिल १९९३

अहो,

तुमचे हेर येऊन गेले. पद्माकर भावजी खाली गाडीतच बसून राहिले, यमुना एकटी तीन जिने चढून वर आली. तुमच्याबरोबर डॉक्टर झालेल्या मित्राच्या बायकोला असं कामाला लावणं तुम्हाला शोभत नाही. पण तिने चिवडा आणला होता, म्हणून माफ.

"अगं, काय हे सुप्रभा," ती धापा टाकत म्हणाली. "प्रॉपर हीटिंगसुद्धा नाहीये इथे! आणि दारावर ती पाटी कसली लावलीये? जिना धुवायची टर्न तुझी? हॅरोला डिटॅच्ड हाउस सोडून तू इथे कॉमन स्टेअर धुतेस?"

मी म्हटलं, "दर चार आठवड्यांनी एकदा. हॅरोला रोज माझीच टर्न असायची."

ती हसली, मग आपण कशाला आलोय हे आठवून गंभीर झाली. "भाऊजी किती अपसेट आहेत माहितीये का? दॅट्स नॉट फेअर, सुप्रभा." हे तिने तुम्हाला फोनवर सांगितलं असेलच. हसली होती ते सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

शिल्पाचाही फोन आला होता. "आई, बाबा खूप लोनली झाली आहे. ती रोज टोस्ट खाते." मी तिला दुरुस्त केलं नाही. इतकी वर्षं मी त्या मुलीचं 'ती' आणि 'तो' दुरुस्त करत आले आणि एकोणीस वर्षांची घोडी झाली तरी तिचे बाबा खातेच. ऐकताना मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

आता कामाचं. तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. पडद्याखाली फक्त दोन ओळी मावतात. एका ओळीत पस्तीस अक्षरं. माणूस पडद्यावर पाच मिनिटं बडबडला तरी मला त्या दोन ओळींतच त्याला बसवायचं असतं आणि वाचणाऱ्याला पाच-सहा सेकंदच मिळतात. आमची मोराग, म्हणजे सोसायटीची मुख्य, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि जिभेने फटकळ बाई आहे. पहिल्या आठवड्यात माझी पानं बघून म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना फार सभ्य करता. हा ट्रामवाला शिवी देतोय, त्याला देऊ द्या." मी जन्मात पहिल्यांदा इंग्रजीत शिव्या लिहिल्या. सुरेख जमल्या. स्विस लोकांच्या जर्मनने मात्र मला रडवलं. त्यांचं बोलणं समजायला खुद्द जर्मनांना खाली ओळी लागतात.

सगळ्यात आवडलेला सिनेमा एका साखर कारखान्याचा आहे. तिकडे बीटाची साखर होते. पूर्वीच्या पूर्व जर्मनीतलं गाव, भिंत पडल्यावर कारखाना बंद झालेला. केसलर नावाचा म्हातारा तिथे वजनकाट्यावर होता. उर्सुला नावाच्या तरुण मुलीने एकटीने कॅमेरा घेऊन त्या म्हातारा-म्हातारीच्या स्वयंपाकघरात वर्षभर चित्रण केलं. तिथल्या सरकारने लोकांवर पाळत ठेवून ज्या फायली केल्या होत्या, त्या गेल्या वर्षी ज्याच्या त्याला वाचायला मिळू लागल्या. केसलरबाई आपली फाइल वाचायला जातात. सीमेपलीकडच्या बहिणीला त्यांनी लिहिलेली पत्रं त्या फायलीत जशीच्या तशी टाइप केलेली असतात. पत्रं सरकारला कोणी दाखवली, तेही लिहिलेलं असतं. नवऱ्याने.

बाई घरी येतात आणि बटाटे सोलतात. नवऱ्याला एक अक्षर बोलत नाहीत. मी तो भाग चौदा वेळा पाहिला.

तुमची
सौ. सुप्रभा


एडिनबरा
रविवार, २३ मे १९९३

अहो,

मंडळाचे अध्यक्ष झालात, अभिनंदन.

इथे सगळं छान चाललं आहे. कारखान्याच्या सिनेमाचा निवडक लोकांसाठी खेळ झाला. उर्सुला जर्मनीहून आली होती. चांगला झाला. लोकांना आवडला. हवा सुधारते आहे. कामाची घाई आहे, म्हणून आटोपते.

तुमची
सौ. सुप्रभा


एडिनबरा
रविवार, २० जून १९९३

अहो,

मागचं पत्र खोटं होतं. तुम्हाला "बघ, सांगितलं होतं ना" म्हणायची संधी द्यायची नव्हती, म्हणून लिहिलं. आता देते. घ्या.

सिनेमाचा शेवट असा आहे. सकाळची वेळ. केसलर टेबलाशी बसलेत. बाई किटली घेऊन येतात, त्यांच्याजवळ उभ्या राहतात आणि विचारतात, "नेमेन झी नोख काफे?" म्हणजे, अजून कॉफी घेता का? म्हातारा वर बघतो. कप हातात तसाच राहतो. सिनेमा संपतो.

मी खाली लिहिलं होतं: 'अजून कॉफी घेणार, डिअर?'

'डिअर' माझ्या पदरचा. मला वाटलं, बाईंनी माफ केलं. खेळाला आलेल्या वीस माणसांनाही तसंच वाटलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले. दिवे लागले आणि उर्सुला उभी राहिली. रागाने तिचे कान लाल झाले होते. सगळ्यांसमोर म्हणाली, "हे कोणी लिहिलं? माझ्या सिनेमाचा गळा कापलाय."

तुम्हाला जर्मन येत नाही, म्हणून सांगते. त्यांच्यात 'झी' म्हणजे आपलं तुम्ही आणि 'डू' म्हणजे तू. नवरा-बायको एकमेकांना डूच म्हणतात. भांडले तरी डू, एकमेकांना ताटं फेकून मारली तरी डू. बायकोने नवऱ्याला झी म्हटलं की तो परका झाला. रस्त्यावरचा माणूस झाला. चाळीस वर्षं डू म्हणणारी ती बाई त्या सकाळी झी म्हणाली, आणि तेवढ्यात संसार संपला. वर्षभराचा सिनेमा उर्सुलाने त्या एका शब्दासाठी काढला होता.

हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सहाव्या पानावर आहे. त्या म्हाताऱ्यांचं एकमेकांशी बोलणंही सिनेमात फारसं नाही, बाई बोलतात ते कॅमेऱ्याशी. पण ती सबब झाली. खरं हे, की बायको नवऱ्याला तुम्ही म्हणते हे माझ्या कानाला खटकलंच नाही. "अहो, अजून चहा घेता?" माझ्या आईने म्हटलं, आजीने म्हटलं, मी रोज सकाळी साडेसातला म्हटलं. आमच्या घराण्यात हेच प्रेम समजतात. लंडनच्या एखाद्या अडाणी माणसाने केली नसती अशी चूक मी, पुण्याची पहिली आलेली, करून बसले.

उर्सुलाने मोरागला सांगितलं की या बाईंना काढा आणि लंडनहून कोणी माणूस आणा. मोराग माझ्याकडे न बघता कागद चाळत होती. त्या क्षणी हॅरोची गाडी किती वाजता आहे हे माझ्या डोक्यात येऊन गेलं, लपवत नाही. मग मला तुमचाच आवाज ऐकू आला, वॉशिंग मशीनवाला, आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "लंडनचा माणूस काय लिहील सांगू? 'अजून कॉफी?' बस. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. त्याची चूक तुम्हाला कळणारसुद्धा नाही, कारण तिथे काही दिसणारच नाही. माझी निदान दिसली. या खोलीत तुम्ही आणि मी, दोघीच अशा आहोत की ज्यांना तुम्ही आणि तू यांच्यामध्ये किती अंतर आहे ते माहीत आहे. मी ते उलट्या बाजूने चालले, एवढंच. ती ओळ मला परत द्या."

उर्सुला खाली बसली. मग म्हणाली, "तुमच्याकडे बायका नवऱ्याला झी म्हणतात?"

"हो."

"आणि नवरे बायकांना?"

"डू."

"म्हणजे मोठ्यांनी लहान मुलांशी बोलावं तसं," ती म्हणाली. खवचटपणे नाही म्हणाली, नुसतं समजून घेत होती. मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ऑगस्टपर्यंत मुदत मिळाली आहे. ती ओळ जमली नाही तर अकराच्या अकरा सिनेमे लंडनच्या माणसाकडे जातील.

आता दुसरं कारण, जे मार्चमध्ये लिहिलं नव्हतं. जानेवारीत बॉयलर बिघडला तेव्हा त्याची गॅरंटी शोधताना मी तुमची 'हाउस' लिहिलेली फाइल उघडली. तीत सप्टेंबर १९७४चं एक पत्र होतं, माझ्या नावाचं. लंडनमध्ये एक बाई इथल्या जर्मन लोकांवर माहितीपट करत होत्या, त्यांना सहा आठवड्यांसाठी दुभाषी हवी होती आणि पुण्याच्या माझ्या सरांनी माझं नाव सुचवलं होतं. त्याला टाचणीने लावलेली तुमच्या उत्तराची कार्बन कॉपी. 'माझ्या पत्नीला घरगुती जबाबदाऱ्यांमुळे या कामात रस नाही. तिच्या वतीने मी आपले आभार मानतो.' तुमचा नीटनेटकेपणा तुमच्या अंगाशी आला.

शिल्पा तेव्हा दहा महिन्यांची होती, मला माहीत आहे. कदाचित मीही नाहीच म्हटलं असतं. पण तो नकार माझा होता. तुम्ही तो मला न विचारता वापरून टाकलात आणि वर अठरा वर्षं मी पार्टीत कशी हसते ते बघत राहिलात.

त्यानंतर पाच आठवडे मी तुम्हाला "अहो, चहा घेता ना?" असंच विचारत होते. तुमचा कप एकदाही हातात थबकला नाही. थबकणार कसा? माझ्याजवळ तुम्हाला परकं करायला शब्दच नव्हता.

सुप्रभा


एडिनबरा
रविवार, २५ जुलै १९९३

अहो,

तुमचं पत्र मिळालं. चार पानं, टाइप केलेली. या वेळीही कार्बन कॉपी ठेवली असेल.

तुम्ही लिहिता, जे केलं ते तुझ्या भल्यासाठीच. असेल. केसलरही सिनेमात हेच म्हणतो, कॅमेऱ्याकडे बघत: तिच्या भल्यासाठी, नाहीतर दुसऱ्या कोणीतरी पत्रं दाखवली असती. मी त्याच्या तोंडी ते वाक्य नीट लिहिलं आहे. त्याच्यावर अन्याय होऊ दिला नाही. तुमच्यावरही करत नाही. माझ्या आईच्या आजारपणात तुम्ही मला दीड वर्ष सांगलीला राहू दिलंत आणि इथे स्वतः वरण-भात शिकलात. शिल्पाच्या तापात रात्र रात्र तिच्या उशाशी तुम्हीच बसत होतात. वाईट माणसापासून निघून जाणं सोपं असतं. मला तेवढं सोपं मिळालं नाही.

शेवटच्या पानावर मुद्दा आहे. १९ सप्टेंबरला मंडळाचा गणपती. पूजा अध्यक्षांनी जोडीने करायची. तोपर्यंत आलीस तर झालं गेलं विसरू, आणि नाही आलीस तर पुढे यायची तसदी घेऊ नकोस. 'तसदी' वाचून मला हसू आलं. पंचवीस वर्षांत तुम्ही माझी तसदी पहिल्यांदाच मोजलीत. उत्तर ऑगस्टच्या खेळानंतर देईन. आधी माझी ओळ.

ओळीचं सांगते. महिनाभर डोकं फोडलं. 'सर' घालून पाहिलं: 'अजून कॉफी, सर?' मोराग म्हणाली, "एडिनबराच्या प्रत्येक कॅफेत मला हेच विचारतात, माझा संसार काही मोडत नाही." 'माय लॉर्ड'छाप जुनं इंग्रजी लिहून पाहिलं, तर दरबारी नाटक वाटायला लागलं. ओळ कोरी ठेवावी असंही मनात आलं. उर्सुलाने जर्मनीहून कळवलं की कोरी चालणार नाही, तिने बोललंच पाहिजे.

परवा शिल्पाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तुमच्या कार्बन कॉपीचंही. रागावू नका; ती आता मोठी आहे आणि घर तिचंही आहे.

मग म्हणाली, "आई, कॅन आय आस्क यू समथिंग? तू बाबांना कधी हाक नाही मारला. लाइक, एव्हर. माझी फ्रेंड्सची मॉम नेम घेते. तू नुसता 'अहो' बोलते. मी लहान होती ना, मला वाटायचा बाबाची नावच अहो आहे!"

मी हसले. म्हटलं, "नाव घेतात ते लग्नात, उखाण्यात. एरवी नाही."

"पण इमॅजिन," ती म्हणाली. "ब्रेकफास्टला तू एकदम बाबांची फुल नेम घेतली तर? डॉक्टर अमुक, वुड यू लाइक सम मोर टी? आय स्वेअर, ही'ड ड्रॉप द कप."

माझ्या हातातला फोनच पडायचा बाकी होता. 'हाक मारला' म्हणणाऱ्या, आडनावापुरतीच मराठी उरलेल्या माझ्या मुलीने ती ओळ मला दिली.

सुप्रभा


एडिनबरा
रविवार, २९ ऑगस्ट १९९३

पाकिटावर आज नाव मराठीत लिहिलं आहे. पोस्टमनला वाचता यावं म्हणून खाली इंग्रजीतही लिहिलं, पण वरचं माझं आहे.

काल दुपारी खेळ झाला. दोनशे दहा खुर्च्यांपैकी एकही रिकामी नव्हती. उर्सुला माझ्या शेजारी बसली होती, मोराग दाराशी उभी. मी मागच्या रांगेत बटणावर बोट ठेवून बसले होते आणि बोट घामाने ओलं झालं होतं. यमुना आली होती, पद्माकर भावजींना घरी ठेवून. निमित्त केलं होतं डबा द्यायचं.

शेवटची सकाळ आली. केसलर बसले. बाईंनी किटली आणली, तोंड उघडलं. मी बटण दाबलं.

'अजून थोडी कॉफी घेणार का,
मिस्टर केसलर?'

म्हाताऱ्याचा कप हातात थांबला आणि दोनशे माणसांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. आणि त्या शांततेत आपल्या यमुनाचा आवाज, मराठीत, चांगला खणखणीत: "अगं बाई! नाव घेतलं तिने!"

लोकांनी वळून पाहिलं. उर्सुलाने मला विचारलं, ती बाई काय म्हणाली? मी सांगितलं. उर्सुलाने माझा हात धरला आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही. मी रडले. आनंदाने म्हणावं, तर तेवढंच नव्हतं.

बाहेर यमुनाने डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "मी भाऊजींना काय सांगू? आय प्रॉमिस्ड हिम आय'ड टॉक टू यू."

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. "माझं मी सांगते."

तर सांगते. सोसायटीने मला ठेवून घेतलं आहे. हे अकरा सिनेमे हिवाळाभर ग्लासगो, लीड्स, ब्रिस्टल असे फिरणार आहेत आणि त्यांच्याबरोबर मी. छापील पत्रकात माझं नाव आहे. एका पानावर, अगदी तळाला, बारीक अक्षरात. माझी सगळी कामं खालच्या ओळीतच असतात, त्याचं मला काही वाटत नाही. ओळ माझी असली की झालं.

आणि आता ते, ज्यासाठी मी पाकिटावर नाव लिहिलं.

केसलरबाईंचं बरं होतं. तोडायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या भाषेत एक शब्द शिल्लक होता. माझा 'तुम्ही' मी बोहल्यावरच देऊन बसले. त्या शब्दाने मी पुजलं, वाढलं, वाट पाहिली, गप्प बसले. त्यात दुरावा मावत नाही आणि बरोबरीही मावत नाही. त्या शब्दाने मी निघून गेले तरी जाता जाता कॉफी ओतूनच जाईन. म्हणून मी उलट्या बाजूने चालते. तशी चालले तेव्हा एकदा चूक झाली होती. या वेळी ठरवून चालते आहे.

शशिधर,

मी गणपतीला येणार नाही. पूजेला जोडी लागते म्हणतोस, तर गुरुजींना विचार. बायको हजर नसेल तर कमरेला सुपारी लावून चालतं. पंचवीस वर्षं मी तेच काम केलं, सुपारीला जड जाणार नाही.

तू हे वाचताना चष्मा काढून टेबलावर ठेवला असशील. मला दिसतंय. रागाने तू म्हणते आहे असं समजू नकोस. रागावले होते तेव्हा अहोच म्हणत होते. तुझं नाव लिहायला मला आज तीन कागद लागले. पहिल्यावर 'अहो'च लिहिलं गेलं, दुसऱ्यावर मी नुसतीच बघत बसले. चांगलं नाव आहे. वापरलं असतं तर बरं झालं असतं.

७४च्या त्या पत्राला मी काल उत्तर लिहिलं. त्या बाई आता कुठे आहेत माहीत नाही, म्हणून ते पाठवलं नाही, फक्त लिहिलं. 'माझ्या पत्नीला' असं त्यात कुठे आलं नाही. 'मला' असं आलं. मला रस होता.

आता तुझी पाळी. ग्लासगोचा खेळ ९ ऑक्टोबरला आहे. यायचं असेल तर ये, खालच्या ओळी नीट दिसतील अशा रांगेत बसवते. यायचं नसेल तर तसं कळव. पण उत्तर हाताने लिही, कार्बन न लावता. आणि शशिधर, या वेळी माझ्या वतीने नको. तुझ्या स्वतःच्या वतीने लिही.

सुप्रभा